इंजेक्टर आणि रेलचं काम झाल्यापासून डिझेल व्हॅन चालू होत नाही. सेल्फ व्यवस्थित फिरतो

भांडुप_१७सीटर | शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ची, १७ सीटर, २.२ लिटर चार सिलिंडर कॉमन रेल (पंप जास्त दाबाचं डिझेल रेल या जाड नळीत भरतो, तिथून ते चारही इंजेक्टरना जातं), बीएस४ (प्रदूषणाचं मानक), १ लाख ९० हजार किलोमीटर झालेले. टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्या मागचा गिअर पंपच टाकीतून डिझेल ओढतो. वाटेत हाताने दाबायचा रबरी प्रायमर आहे.

आधीची तक्रार: सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागायचा आणि ३ नंबरच्या इंजेक्टरचा रिटर्न (न वापरता परत जाणारं डिझेल) जास्त होता.

झालेलं काम: चारही इंजेक्टर बेंचवर (लॅबच्या चाचणी यंत्रावर) तपासून घेतले, ३ नंबरचा नोझल आणि व्हॉल्व्ह बदलला. रेल उतरवून साफ केली. डिझेल फिल्टर नवा, फिल्टर ते पंप होज नवी. पंपाला कुणी हात लावलेला नाही.

आता सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही. सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नाही. बॅटरी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. स्कॅनरवर क्रँकिंग आरपीएम २३०, रेल प्रेशर २५ ते ४० बारमध्ये उड्या मारतंय. कोड पी००८७, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. टाकीत तीसेक लिटर डिझेल आहे, पेट्रोल पडलेलं नाही.

गॅरेजचं म्हणणं पंप गेला, उतरवून लॅबला पाठवू. खर्च पाच आकडी आहे. काम होण्याआधी जी गाडी चालत होती, तिचा पंप गॅरेजमध्ये उभ्याउभ्या कसा जाईल? पंप खोलण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

---

कॉमनरेल_कुर्ला | शनिवार, सकाळी १०:१५

दादा, माहिती नीट दिलीत, म्हणून नेमकं बोलता येतंय. पंप अजिबात उतरवू नका.

पहिली गोष्ट धुराची. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचतंय पण पेटत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, चुकीचं डिझेल तिकडे बघायचं. धूरच नाही म्हणजे इंजेक्टर उघडतच नाहीत. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टरला करंट देण्याआधी दोन गोष्टी पाहतो: क्रँक आणि कॅम सेन्सरचा (इंजिन कुठवर फिरलंय ते सांगणाऱ्या) मेळ बसला का, आणि रेलमध्ये पुरेसा दाब आला का. तुम्हाला आरपीएम दिसतोय, म्हणजे क्रँक सेन्सर बोलतोय. कॅमचा पी०३४० किंवा मेळ चुकल्याचा पी००१६ नाही, तर ती बाजू सध्या सोडा. उरला दाब. अशा इंजिनांना चालू व्हायला साधारण २०० ते २५० बार लागतात. तुमच्याकडे ४०.

दाब न होण्याची कारणं तीनच जागी असतात. एक, पंपाला डिझेल मिळत नाही किंवा डिझेलबरोबर हवा मिळते. दोन, पंप दाब बनवतो पण तो कुठून तरी रिटर्नला निसटतो: इंजेक्टरमधून किंवा रेलच्या प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्हमधून. तीन, पंपच बनवत नाही. तपासायचं याच क्रमाने, कारण पहिल्याला दहा मिनिटं लागतात आणि तिसऱ्याला दोन दिवस. शिवाय तुमच्याकडे पहिल्या दोन्ही जागी हात लागलाय, तिसऱ्या जागी नाही.

तुमचा आकडा स्थिर नाही, उड्या मारतोय. असं बहुतेक वेळा हवेमुळे होतं. फिल्टर ते पंप या नव्या होजच्या जागी फूटभर पारदर्शक नळी लावा, डिझेलला चालणारी, आतला व्यास तोच, दोन्ही टोकांना क्लिप. प्रायमर कडक होईपर्यंत दाबा. मग १० सेकंद सेल्फ मारा आणि नळीकडे बघा.

एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर सेल्फ जळेल आणि पंपही कोरडा फिरेल. या पंपांना वंगण डिझेलचंच असतं. कोरडं फिरवून फिरवून चांगला पंप खरोखर खराब होतो, आणि मग गॅरेजचं म्हणणं खरं ठरतं.

---

हायवे_नाका | शनिवार, सकाळी ११:०२

एअर फिल्टर काढून स्टार्टिंग स्प्रे मारा, नाहीतर दोरी लावून खेचा. एकदा पकडली की हवा आपोआप निघून जाते. हीटर प्लगही (गार इंजिनात सिलिंडर तापवणारे) बघून घ्या.

---

मल्टिमीटरवाली | शनिवार, सकाळी ११:२०

स्प्रे नको. ईथर दाबानेच पेटतो. हीटर प्लग गरम असताना तो आत गेला तर पिस्टन वर पोहोचायच्या आधीच भडकतो, पिस्टनच्या कडा आणि रिंगा तुटतात. खेचूनही उपयोग नाही. रेलमध्ये दाब आल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडणार नाही, मग गाडी मुलुंड चेकनाक्यापर्यंत खेचत नेली तरी. वर पंप कोरडा फिरेल.

आणि मुंबईत हीटर प्लगमुळे गाडी अजिबात चालू न होणं फार दुर्मीळ आहे. इथे जानेवारीतल्या पहाटेसुद्धा पारा फारसा उतरत नाही. प्लग गेले असतील तर चालू झाल्यावर मिनिटभर खडखडेल, पांढरा धूर देईल, पण पकडेल.

---

भांडुप_१७सीटर | शनिवार, दुपारी ३:३०

पारदर्शक नळी लावली. प्रायमर ३०-३५ वेळा दाबला तरी पूर्ण कडक होत नाही. थोडा कडक झाला की पाचेक मिनिटांत पुन्हा मऊ. सेल्फ मारला की आधी डिझेलचा सलग रंग दिसतो, तीन-चार सेकंदांनी मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग सुरू होतात आणि शेवटी बोटभर लांबीची हवेची कांडी जाते. नेमकं तेव्हाच रेल प्रेशर ४० वरून २५ वर येतं.

पण डिझेल कुठेही गळत नाही. फिल्टर, होज, क्लिपा, सगळं कोरडं ठणठणीत आहे. मग हवा येते कुठून?

---

नोझलबेंच | शनिवार, दुपारी ४:१०

कोरडं असणारच. तुमच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीची आहे. त्या बाजूला भोक असेल तर इंजिन फिरताना डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत तीच लाइन दाबाखाली असते, तिथे त्याच भोकातून डिझेल टपकतं. या एका फरकामुळे अनेक मेस्त्री ओढीच्या गाडीत ‘लीकेज नाही’ म्हणून पुढे जातात.

हवेची जागा शोधायला नळी एकेक टप्पा मागे न्या. आधी फिल्टरच्या पुढे होती, तिथे बुडबुडे दिसले. आता फिल्टरच्या मागे, प्रायमर आणि फिल्टर यांच्या मध्ये लावा. तिथे सलग डिझेल दिसलं तर चूक फिल्टरमध्येच आहे. तिथेही बुडबुडे असतील तर प्रायमर, त्याचे जोड आणि टाकीतली नळी बघायची.

माझा संशय फिल्टरवर आहे. नवीन फिल्टरच्या खोक्यात बहुधा दोन-तीन ओरिंग येतात: झाकणाची मोठी, खालच्या पाण्याच्या ड्रेन स्क्रूची छोटी, आणि वॉटर सेन्सर असेल तर त्याची. ड्रेन स्क्रू आणि सेन्सर जुन्या फिल्टरवरून काढून नव्यावर लावतात, आणि छोटी ओरिंग जुनीच राहते किंवा बसवताना कोरडी दाबली जाऊन चिरते. बसवताना प्रत्येक ओरिंगला स्वच्छ डिझेल लावायचं, ग्रीस नाही. ड्रेन स्क्रू प्लॅस्टिकचा असतो, हातानेच आवळायचा. पान्हा लावला की आटे जातात.

आणखी एक: फिल्टरवर आत जाण्याची आणि बाहेर येण्याची बाजू बाणाने दाखवलेली असते. काही फिल्टरना रिटर्नची तिसरी नळीही असते. होज नवी लावली आहे, तर बाण एकदा जुळवून पाहा. क्विक कनेक्टर ‘टक्’ आवाज करून बसला पाहिजे आणि ओढून पाहिल्यावर निघता कामा नये.

---

भांडुप_१७सीटर | रविवार, सकाळी १०:५०

नोझलबेंच दादा, नेमकं तिथेच होतं. प्रायमरनंतर नळी लावली तर डिझेल सलग. फिल्टरखालचा वॉटर सेन्सर काढला. त्याची ओरिंग एका बाजूला चपटी होऊन खाचेबाहेर आलेली आणि तिथे नखाएवढी चीर. कुर्ल्याहून त्याच मापाची डिझेलला चालणारी ओरिंग आणली, झाकणाचीही बदलली, डिझेल लावून बसवली. आता प्रायमर वीसेक दाबांत दगडासारखा होतो आणि अर्धा तास तसाच राहतो. नळीत एक बुडबुडा नाही.

पण गाडी अजून चालू होत नाही. रेल प्रेशर आता उड्या मारत नाही. सेल्फ मारल्यावर दोन सेकंदांत ९५ बारला पोहोचतं आणि तिथेच चिकटून बसतं. दहा सेकंद मारला तरी ९५, ९६, ९५. धूर नाहीच. गॅरेजवाले पुन्हा पंपावर आलेत.

---

मल्टिमीटरवाली | रविवार, सकाळी ११:३०

दादा, हा ९५ फार मोलाचा आकडा आहे. पंप झिजलेला असता तर दाब हळूहळू चढला असता, डळमळला असता आणि सेल्फच्या वेगाबरोबर बदलला असता. तुमचा दोन सेकंदांत चढतो आणि छत लागल्यासारखा थांबतो. म्हणजे पंप पुरेसं डिझेल देतोय आणि जास्तीचं कुणीतरी सोडून देतंय.

तुमच्या प्रकारच्या रेलच्या टोकाला प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. त्यात एक स्प्रिंग आणि एक कॉइल. करंट नसेल तर नुसती स्प्रिंग साधारण १०० बारपर्यंतच धरते, त्यावरचं सगळं रिटर्नला जातं. ईसीएम करंट वाढवत जातो तसा कॉइल स्प्रिंगला मदत करते आणि दाब वर चढतो. तुमचा दाब नेमका स्प्रिंगच्याच आकड्याला अडलाय. व्हॉल्व्हला करंट मिळत नाही, किंवा मिळूनही तो बसत नाही. रेल उतरवली होती म्हणजे त्याचं कपलर (तारांचा जोड) काढलं होतं, हे विसरू नका.

तपासणी अशी करा. स्कॅनरवर फक्त साठवलेले कोड पाहू नका, पेंडिंगची (अजून पक्के न झालेले कोड) यादीही उघडा. साध्या मोबाइल ॲपमध्येही ती असते. व्हॉल्व्हच्या सर्किटचा कोड पी००९०, पंपावरच्या मीटरिंग युनिटचा (पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) पी०००१. मग इग्निशन बंद करून व्हॉल्व्हचं कपलर काढा आणि कॉइलचा रोध मोजा. गार इंजिनवर साधारण २ ते ४ ओम यायला हवेत. शून्य किंवा अनंत असेल तर व्हॉल्व्ह गेला. आता इग्निशन चालू करून, सेल्फ न मारता, कपलरच्या दोन पिनांपैकी एकीवर बॅटरीएवढा व्होल्ट येतो का बघा. मीटरबरोबर ५ वॅटचा छोटा बल्बही लावून पाहा. गंजलेली तार मीटरला १२ व्होल्ट दाखवते आणि बल्ब मात्र पेटवू शकत नाही. बल्ब फक्त याच सप्लायच्या तारेवर लावायचा. दुसरी तार ईसीएमची असते, तिला बल्ब लावायचा नाही.

शेवटी कपलरच्या तोंडात टॉर्च मारून दोन्ही पिना एकाच पातळीवर आहेत का ते बघा. मागून एकेक तार हलकेच ओढा.

मीटरची जाड टोकं पिनांच्या तोंडात कोंबू नका. पिन फाकते आणि उद्या तोच नवा दोष होतो. बारीक तारेचं टोक किंवा पातळ प्रोब वापरा.

स्कॅनर खरं बोलतोय का, हेही मीटरने कळतं. रेल सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात. दाब शून्य असताना सिग्नलच्या तारेवर अर्धा व्होल्ट असतो, पूर्ण दाबाला साडेचार. सेन्सर १८०० बारचा असेल तर ९५ बारला ०.७१ व्होल्ट यायला हवेत आणि २५० बारला साधारण १.०६. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना अर्ध्या व्होल्टऐवजी भलताच आकडा आला तर आधी सेन्सर किंवा त्याची अर्थ तार बघा.

---

नोझलबेंच | रविवार, दुपारी १२:१५

ताईंनी विजेची बाजू पूर्ण सांगितली. डिझेलच्या बाजूने तीच गोष्ट दोन बाटल्यांनी सिद्ध होते.

रेलच्या टोकाची रिटर्नची नळी काढून बाटलीत सोडा आणि तिचं इंजिनकडचं तोंड बूच लावून बंद करा. १० सेकंद सेल्फ. व्हॉल्व्ह धरत असेल तर बाटलीत फार तर काही थेंब. धार लागली तर दाब तिथूनच जातोय.

मग चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारख्या चार छोट्या बाटल्या किंवा खुणा केलेल्या नळ्या लावा. सेल्फवर इंजेक्टर उघडतच नसताना रिटर्न नगण्य असतो. एकाच बाटलीत डिझेल भरत असेल तर तो इंजेक्टर पुन्हा बेंचवर. संशय उरलाच तर रेलवरच्या त्या इंजेक्टरच्या तोंडाला त्याच आट्याची हाय प्रेशरची टोपी लावून सेल्फ मारतात. दाब चढला तर तोच. टोपी चांगल्या डिझेल लॅबमध्ये मिळते. साध्या बोल्टवर हे करायचं नाही.

ही पद्धत सोलेनॉइड (कॉइलने उघडणाऱ्या) इंजेक्टरसाठी आहे. पिझो (विजेने ताणणाऱ्या स्फटिकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरच्या रिटर्न लाइनमध्ये ठरावीक दाब राखावा लागतो. ती मोकळी सोडली तर गाडी चालूच होत नाही आणि चाचणी फसवते. तुमचा कुठला आहे ते रोधावरून कळेल: सोलेनॉइड अर्ध्या ओमच्या आत, पिझो दीड-दोन लाख ओमच्या घरात.

विजेची बाजू ठीक निघाली आणि रेलच्या बाटलीत तरीही धार लागली, तर व्हॉल्व्ह रेलमधून काढला होता का, हे गॅरेजला विचारा. अनेक व्हॉल्व्हची सील करणारी कड मऊ लोखंडाची असते. ती पहिल्यांदा आवळताना दबून जागा धरते, पुन्हा तशी धरत नाही. म्हणून बरेच उत्पादक काढलेला व्हॉल्व्ह परत लावू नका असं सांगतात.

---

कॉमनरेल_कुर्ला | रविवार, दुपारी १२:४०

या सगळ्यात एक गोष्ट कुणी करू नये, म्हणून वेगळं लिहितो. सेल्फ मारत असताना किंवा इंजिन चालू असताना रेल ते इंजेक्टर किंवा पंप ते रेल यांतला एकही स्टीलचा पाइप ढिला करायचा नाही. बीएस४च्या गाडीत तिथे १६०० बारपर्यंत दाब असतो. त्याची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत बोट सुजून काळं पडू शकतं. असं झालं तर मलम लावून घरी जायचं नाही. सायन किंवा केईएमच्या कॅज्युअल्टीत जाऊन ‘हाय प्रेशर डिझेल हातात घुसलं’ या शब्दांत सांगायचं. तिथे लगेच ऑपरेशन लागू शकतं.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा जोडाजवळ धरायचा, हात नाही. आणि इंजिन बंद केल्यावर लगेच पाइप खोलायचा नाही. स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याला आलेलं दिसलं पाहिजे.

---

जुना_रोटरी | रविवार, दुपारी २:०५

धागा वाचून शंका आली. माझ्या जुन्या जीपला रोटरी पंप आहे. तिथे तर मेस्त्री सेल्फ मारताना नोझलचे नट ढिले करूनच हवा काढतात. तेही चूक?

---

कॉमनरेल_कुर्ला | रविवार, दुपारी २:३०

नाही काका, तिथे तीच पद्धत आहे. तुमच्या पंपात दाब फक्त त्या त्या सिलिंडरच्या झटक्यापुरता बनतो, साठून राहत नाही आणि आकडाही कमी असतो. तरी तोंड-हात लांब ठेवा आणि चिंधी धरा. आधी फिल्टरवरच्या स्क्रूने हवा काढायची, मग नोझलचे दोन नट एक-दीड फेरा ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल झटक्याने यायला लागलं की आवळायचे.

रोटरीत गाडी अजिबात चालू होत नसेल तर आधी पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट येतात का आणि तो ‘टिक्’ करतो का ते बघा. पंप उतरवून परत लावला असेल तर टायमिंग डायल गेजने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवावं लागतं. आकडा इंजिनच्या मॅन्युअलमधलाच. कॉमन रेलमध्ये हे बहुतेक लागत नाही, कारण तिथे डिझेल कधी सोडायचं ते पंप नाही, ईसीएम ठरवतो.

---

भांडुप_१७सीटर | रविवार, संध्याकाळी ६:१०

सापडलं.

पेंडिंगच्या यादीत पी००९० होता. आम्ही आतापर्यंत पहिलाच कोड वाचून थांबत होतो. कॉइल २.८ ओम, म्हणजे ठीक. इंजेक्टर सोलेनॉइड आहेत, चारही रिटर्नच्या बाटल्या जवळपास कोरड्या. रेलच्या रिटर्नला मात्र करंगळीएवढी धार, १० सेकंदांत अर्धी बाटली.

मग कपलर. तोंडातून बघितलं तर एक पिन पुढे, दुसरी दोन-अडीच मिलिमीटर आत सरकलेली. मागून तार हलवली तर ती पिन तारेबरोबर पुढे-मागे होते. कपलर लावलं की ती व्हॉल्व्हच्या पात्याला कधी टेकते, कधी टेकत नाही. मीटरला मागून व्होल्ट बरोबर मिळत होते, म्हणून तार तुटलीय असं कधी वाटलंच नसतं. रेल उतरवताना कपलर लॉक न दाबता तारांना धरून ओढलं असणार.

पिन कशी बसवावी? कपलर बदलावं लागेल का?

---

मल्टिमीटरवाली | रविवार, संध्याकाळी ६:४०

कपलरचं प्लॅस्टिक शाबूत असेल तर बदलायची गरज नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कपलरमध्ये रंगीत दुसरं लॉक असेल तर ते आधी उचला. पिन मागून पूर्ण बाहेर काढा. तिच्या अंगावर बारीक पोलादी जीभ असते, ती दबून सपाट झाली असेल. सुईच्या टोकाने जराशी उचला. जास्त वाकवली तर तुटते, तेव्हा एकदाच आणि हलक्या हाताने. पिनेचं तोंड फाकलं असेल तर बारीक नोज प्लायरने किंचित मिटवा. मग मागून ढकला, ‘टिक्’ ऐकू आलं पाहिजे. तार ओढून पाहा, पिन हलता कामा नये. रंगीत लॉक खाली.

जीभ तुटली असेल तर नवी पिन क्रिंप करा. सोल्डर नको. इंजिनच्या थरथराटाने सोल्डरच्या कडेला तार तुटते. आणि पावसाळ्यात पाणी शिरू नये म्हणून तारेवरची छोटी रबरी सील परत जागेवर गेली आहे ना, ते नक्की बघा.

---

भांडुप_१७सीटर | रविवार, रात्री ८:२५

जीभ उचलली, पिन बसली, ओढून बघितली, घट्ट. प्रायमर दाबला, कोड पुसले, सेल्फ मारला. रेल प्रेशर ९५ ओलांडून थेट २८० आणि तिसऱ्या सेकंदाला गाडी चालू. सगळ्यांचे मनापासून आभार. पंपाला पान्हासुद्धा लागला नाही.

आयडलला रेल प्रेशर २६० ते २८०. पण आयडल थोडं खडखडतंय, ३ नंबरच्या बाजूला जास्त. दहा मिनिटांनी थोडं कमी झालं. हे राहिलेल्या हवेचं असेल का?

---

नोझलबेंच | रविवार, रात्री ९:१०

दहा मिनिटांनी हवा उरत नाही. गॅरेजने इंजेक्टरचे नवे कोड घातलेत का ते विचारा. हे दोषाचे कोड नाहीत, कुठला इंजेक्टर नेमकं किती डिझेल सोडतो ते ईसीएमला सांगणारे आहेत. ३ नंबरचा नोझल आणि व्हॉल्व्ह बदलले, म्हणजे तो इंजेक्टर आता पूर्वीसारखं डिझेल सोडत नाही. बेंचवर काम करणाऱ्या लॅबने त्याच्या चाचणीवरून नवा कोड दिला असेल तर तो ईसीएममध्ये घालावा लागतो. बॉशच्या इंजेक्टरवर तो साधारण ६ किंवा ७ अक्षरांचा असतो, डेल्फीचा १६ किंवा २०चा. चारही इंजेक्टर काढले होते तेव्हा २ नंबरचा ३च्या जागी गेला असण्याचीही शक्यता आहे. इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड वाचा आणि ईसीएममध्ये त्या सिलिंडरला कुठला नोंदलाय ते स्कॅनरवर ताडून बघा. हे साध्या ॲपने होत नाही, मोठा स्कॅनर लागतो.

चुकीच्या कोडने गाडी चालू होते, पण खडखडते, काळा धूर देते आणि लांब पल्ल्याला पिस्टनचं डोकं जाळू शकते. म्हणून कोड घातल्याशिवाय गाडी भरून घाटात नेऊ नका.

इंजेक्टरच्या बुडाशी काळा, ओलसर, डांबरासारखा थर जमतोय का तेही पुढचे दोन-तीन दिवस बघा. जमत असेल तर तांब्याचा वॉशर धरत नाही. वॉशर दर वेळी नवाच हवा आणि जाडी तीच, कारण नोझलचं टोक सिलिंडरमध्ये किती पुढे येतं ते जाडीवर ठरतं. जुना वॉशर भोकात चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसतो, ही नेहमीची चूक आहे.

---

भांडुप_१७सीटर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

मोठ्या स्कॅनरवर ताडून बघितलं. २ आणि ३चे कोड अदलाबदल झालेले, आणि ३चा जुनाच कोड पडून होता. लॅबच्या कागदावरचा नवा कोड घातला, २चा बरोबर केला. आयडल आता एकसारखं, चारही सिलिंडरना ईसीएम डिझेल किती कमी-जास्त करून देतो ते आकडे जवळजवळ सारखे. पाच मिनिटं आयडलवर ठेवून सगळ्या जोडांना पुठ्ठा धरून बघितला, कुठे ओलसर नाही. दोन दिवसांत पेंडिंगमध्ये नवा कोड नाही. सकाळी गार इंजिनवर दोन सेकंदांत चालू होते.

फिल्टरखालचा स्क्रू उघडून पाणीही काढलं, दोनेक चमचे निघालं. स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवून खाली काही चमकतंय का पाहिलं, धातूची (पंप झिजल्याची) भुकटी नाही.